लेनिनग्राडचे अर्थगणिती : लिओनिद कांतोरोविच

शाळामास्तराच्या आयुष्यांत दर जून महिन्यांत एक संकट ठरलेलें असतें, तें म्हणजे वेळापत्रक. पाऊस एखादे वर्षीं चुकेल, पण हें चुकत नाहीं. मी संस्कृताचा शिक्षक. परंतु गणिताची थोडी आवड आहे हें मुख्याध्यापकांच्या ध्यानांत आलें, आणि त्या दिवसापासून हें काम जें माझ्या गळ्यांत पडलें तें सेवानिवृत्तीपर्यंत सुटलें नाहीं. अठरा शिक्षक, पंधरा वर्ग. अमुक गुरुजी गणित उत्तम शिकवितात आणि इंग्रजीही वाईट शिकवीत नाहींत. तमुक बाईंचें गणित बेताचें, पण मराठींत त्यांचा हात धरणारें कोणी नाहीं. तिसऱ्या गृहस्थांना कांहींही द्या, सर्व सारखेंच. यांतून कोणाला कोठें बसवावें?

मी आपला सूचीकटाहन्यायानें चालत असें. एकानें सुई घडवावयास दिली आणि दुसऱ्यानें कढई, तर लोहार सुई आधीं करून मोकळा होतो, हा तो न्याय. सोपे तास आधीं भरावे, अवघड शेवटीं पाहूं, ही माझी रीत. एके वर्षीं तिचें फळ असें मिळालें कीं शाळेंतील सर्वांत चांगले गणितशिक्षक पांचवी-सहावीच्या तासांत पुरते अडकले, आणि दहावीच्या एका तुकडीचें गणित अशा गृहस्थांकडे गेलें कीं ज्यांचा तो विषयच नव्हता. त्या तुकडीचा निकाल कसा लागला हें येथें सांगत नाहीं. चूक माझी होती. पण ती चूक आहे हें मला आधीं दाखवून देईल असें साधनच माझ्यापाशीं नव्हतें. वेळापत्रक पुरें झालें, कोठें दोन तासांची टक्कर नाहीं, एवढ्यावर मी समाधान मानीत असें.

मालाची ने-आण करणाऱ्या एका कंपनींत माझा पुतण्या नोकरीस आहे. मागच्या दिवाळींत ही जुनी गोष्ट निघाली तेव्हां तो हंसून म्हणाला, "काका, तुमची ही कढई एका रशियन प्राध्यापकानें १९३९ सालींच घडवून ठेवली आहे." आणि त्यानें लिओनिद कांतोरोविच हें नांव सांगितलें. तेव्हांपासून या एका गृहस्थाविषयीं मिळेल तें वाचीत आलों. जेवढें समजलें तेवढें वाचकांपुढें ठेवीत आहें. यांत गणित आहे, पण तें पाहून गृहिणींनीं पान उलटूं नये. मुख्य उदाहरण मीं त्यांच्याच स्वयंपाकघरांतून घेतलें आहे.

लिओनिद विताल्येविच कांतोरोविच यांचा जन्म १९ जानेवारी १९१२ रोजीं सेंट पीटर्सबर्ग येथें एका ज्यू डॉक्टरांच्या घरीं झाला. या शहराचें नांव पुढें पेत्रोग्राद झालें, मग लेनिनग्राड झालें, आणि आज तें पुनः सेंट पीटर्सबर्ग आहे. राज्यक्रांति झाली तेव्हां मुलगा पांच वर्षांचा होता. दहा वर्षांचा असतां, १९२२ सालीं, वडील वारले. चौदाव्या वर्षीं, म्हणजे आपल्याकडील मुलें आठवी-नववींत असतात त्या वयांत, तो लेनिनग्राड विश्वविद्यालयांत दाखल झाला. दुसऱ्या वर्षापासूनच त्याचें स्वतंत्र संशोधन सुरू झालें. १९३० सालीं, अठराव्या वर्षीं, पदवी. १९३४ सालीं, बाविसाव्या वर्षीं, पूर्ण प्राध्यापकपद. पुढच्याच वर्षीं प्रबंध लिहावयास न लावतां त्यांना डॉक्टर ही पदवी देण्यांत आली. त्यांचा विषय शुद्ध गणिताचा, व्यवहाराशीं ज्याचा कांहीं संबंध असेल असें कोणास वाटूं नये इतका सूक्ष्म. तसेंच चालतें तर ते एक मोठे गणिती म्हणून त्या शास्त्राच्या ग्रंथांत राहिले असते, आणि मजसारख्यास त्यांचें नांवही कळलें नसतें.

परंतु १९३८ च्या सुमारास प्लायवुड तयार करणाऱ्या सरकारी उद्योगाच्या प्रयोगशाळेंतील कांहीं इंजिनियर त्यांच्याकडे सल्ला विचारावयास आले. लाकडाचा ओंडका यंत्रावर गरगर फिरवून त्याचा पातळ पापुद्रा सोलतात, आणि असे पापुद्रे एकावर एक चिकटवून प्लायवुड होतें. कारखान्यांत सोलण्याचीं यंत्रें अनेक जातींचीं, आणि लाकूडही अनेक जातींचें. एखादें यंत्र एका लाकडास झपाट्यानें सोली, तर दुसऱ्यास रडतरडत. मालाचें प्रमाण मात्र ठरलेलें. या लाकडाचे इतके तर त्याचे इतके पापुद्रे निघालेच पाहिजेत. तर कोणतें यंत्र कोणत्या लाकडास किती वेळ द्यावें म्हणजे एकंदर माल जास्तींत जास्त निघेल? तोंपर्यंत ही वांटणी अंदाजानेंच होत असे. लाकूड कोरणाऱ्या किड्याच्या हातून एखादें अक्षर उमटावें, तसें कधीं साधलें तर साधलें. हा आमचा घुणाक्षरन्याय त्या कारखान्यांत तर शब्दशः लागू होता!

प्रश्न दिसावयास पोरवयाचा, पण शाळेंत शिकविलें जाणारें गणित येथें हात टेकतें. ज्या उत्तरांत सर्वोत्तम उत्तर दडलेलें असतें अशा संभाव्य वांटण्या एकेक करून तपासावयाच्या म्हटल्या, तर केवळ आठ यंत्रें आणि पांच प्रकारचा माल असतां सुमारें एक अब्ज वेळां एकसामयिक समीकरणांचे संच सोडवावे लागतील असा हिशेब कांतोरोविच यांनींच दिला आहे. आणि मग त्यांच्या ध्यानांत आलें कीं हा प्रश्न एकट्या प्लायवुडचा नाहीं. शेतांत कोणतें पीक कोठें घ्यावें, कापडाचा किंवा पत्र्याचा तुकडा कसा कापावा म्हणजे चिंध्या कमी निघतील, कोणत्या खाणीचा कोळसा कोणत्या गांवीं धाडावा, हे सर्व त्याच एका प्रश्नाचे वेष होत.

त्यांनीं काढलेली युक्ति समजण्यासाठीं आतां स्वयंपाकघरांत चलावें.

घरीं कार्य आहे. प्रत्येक पानावर एक पोळी आणि एक लाडू वाढावयाचा आहे. दोन जावा कामास बसल्या आहेत आणि हातांत वेळ आहे तीन तास. थोरल्या जाऊबाईंचा हात चपळ. त्या तासाला ९० पोळ्या लाटून भाजतात, किंवा ४५ लाडू वळतात. धाकटीच्या हातून तासाला ३० पोळ्या होतात, किंवा ३० लाडू. सासूबाईंनीं समदृष्टीनें सांगितलें कीं दोघींनींही दोन्हीं कामें करावीं, आणि आपापलीं पानें पुरीं करावीं. मग थोरली एक तास पोळ्या आणि दोन तास लाडू करील, म्हणजे ९० पानें. धाकटी दीड-दीड तास देईल, म्हणजे ४५ पानें. एकूण १३५. आतां असें करून पाहा. धाकटीनें तिन्ही तास केवळ लाडूच वळावे. ते ९० झाले. थोरलीनें एक तास चाळीस मिनिटें पोळ्या कराव्या, त्या १५०. आणि उरलेला एक तास वीस मिनिटें लाडू, ते ६०. पोळ्या १५०, लाडू ९० अधिक ६० म्हणजे १५०. त्याच दोघी, तेच तीन तास, आणि पंधरा पानें अधिक! लक्षांत घ्या कीं धाकटीचा हात थोरलीपेक्षां कशांतच सरस नाहीं. तरीही तिला योग्य जागीं बसवितांच पंगत वाढली.

येथवर कोणी चतुर गृहिणी स्वतःच्या बुद्धीनेंही पोंचेल. कांतोरोविच यांचें वैशिष्ट्य पुढें आहे. या वांटणींत थोरली दोन्ही कामें करीत आहे, आणि तिच्या हातीं ९० पोळ्यांना जेवढा वेळ लागतो तेवढाच ४५ लाडवांना. याचा अर्थ या घरांत, आजच्या दिवशीं, एक लाडू म्हणजे दोन पोळ्यांचें मोल. बाजारांत लाडू कितीला मिळतो याच्याशीं या मोलाचा कांहीं संबंध नाहीं. तें या कामाच्या पोटांतूनच निघालें आहे. हें मोल एकदां ठरलें कीं वांटणी आपोआप ठरते. धाकटीच्या तासाला पोळ्या केल्या तर ३० चें मोल, लाडू केले तर ६० चें. तेव्हां तिनें लाडूच करावे. आणखी गंमत पाहा. एका पानाचें मोल तीन पोळ्या. थोरलीच्या एका तासाचें मोल ९० पोळ्या, म्हणून तिनें आणखी एक तास दिला तर बरोबर ३० पानें वाढतील; धाकटीनें दिला तर २०. शेजारची मावशी मदतीस येऊं का विचारते, तिला कोणत्या कामास लावावें, चूल आणखी एक मांडणें परवडेल का, या सर्वांचीं उत्तरें या मोलांवरून तोंडीं सांगतां येतात. अब्जावधि वांटण्या तपासण्याचें कारणच उरत नाहीं. योग्य मोल शोधा, म्हणजे योग्य वांटणी सांपडते. कांतोरोविच यांनीं या मोलांना प्रथम 'निर्णायक गुणक' अशा अर्थाचें साधें गणिती नांव दिलें.

हें सर्व त्यांनीं १९३९ सालीं 'उत्पादनाच्या संघटनेच्या व नियोजनाच्या गणिती पद्धति' अशा नांवाच्या एका लहान पुस्तिकेंत छापलें. प्रती काढल्या एक हजार. वय होतें सत्तावीस.

आतां वाचकांस वाटेल कीं जें राज्य स्वतःस नियोजनाचें राज्य म्हणवीत होतें, जेथें खिळ्यापासून आगगाडीपर्यंत सर्व कांहीं सरकारी योजनेनें होत होतें, त्या राज्यानें या तरुणास डोक्यावर घेतलें असेल. घडलें तें उलट, आणि त्याचें कारण त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या गुणकांत होतें. मार्क्सच्या मताप्रमाणें वस्तूचें मूल्य तिच्यांत ओतलेल्या मानवी श्रमांवरून ठरतें. कांतोरोविच यांच्या गणितांत मात्र यंत्राच्या तासालाही मोल येतें, सुपीक जमिनीलाही येतें, दुर्मिळ मालालाही येतें. आणि तें मोल श्रमांवरून नव्हे, तर टंचाईवरून ठरतें. आमच्या उदाहरणांत घाम दोघींचाही सारखाच गळतो, परंतु एकीचा तास ९० चा आणि दुसरीचा ६० चा. हें तर भांडवलवाल्या देशांतील अर्थशास्त्री म्हणतात तेंच झालें, असा आरोप करावयास किती वेळ? आणि त्या काळीं तेथें असा आरोप म्हणजे केवळ शाब्दिक वाद नव्हे. निकोलाय कोंद्रात्येव या नांवाजलेल्या रशियन अर्थशास्त्र्यास १९३८ सालीं, म्हणजे प्लायवुडचे इंजिनियर कांतोरोविच यांच्याकडे येत होते त्याच सुमारास, गोळी घालून ठार मारण्यांत आलें होतें.

तरीही ते एकदां पुढें गेलेच. १९४१ सालीं जर्मनांनीं लेनिनग्राडला वेढा दिला. कांतोरोविच आरमाराच्या इंजिनियरिंग विद्यालयांत शिकवीत असत. तें विद्यालय यारोस्लाव्ल या गांवीं हलविलें गेलें. तेथें, युद्धाच्या धुमाळींत, १९४२ सालीं त्यांनीं एक संपूर्ण ग्रंथ लिहून काढला: राष्ट्रापाशीं जें आहे त्याचा सर्वोत्तम उपयोग कसा करावा, हा त्याचा विषय. पुस्तिकेंत कारखान्यापुरती असलेली कल्पना त्यांनीं आतां सबंध देशास लावली. हस्तलिखित राष्ट्रीय योजना-मंडळापर्यंत गेलें. मंडळानें तें नाकारलें. एवढ्यावर भागलें नाहीं. या गृहस्थाला अटकेंत ठेवावें कीं काय याचाही विचार वरिष्ठ वर्तुळांत झाला होता, असें त्यांना मागाहून कळलें. या मार्गानें पुढें जाण्यांत धोका आहे हें त्यांनीं ओळखलें, आणि हस्तलिखित बासनांत बांधून ठेवलें. तें सतरा वर्षें तसेंच राहिलें. योजना-मंडळाचे त्या वेळचे अध्यक्ष वोझ्नेसेन्स्की यांना पुढें १९५० सालीं स्टॅलिनच्याच राज्यांत गोळी घालण्यांत आली. तेव्हां तेथें सुरक्षित असें कोण होतें?

कांतोरोविच यांचें हें मौन भित्रेपणाचें होतें काय? मीं या प्रश्नाचा बराच विचार केला. घरीं पत्नी, पुढें दोन मुलें. ते बंडखोर प्रकृतीचे नव्हते. समाजवादी नियोजनावर त्यांचा विश्वासच होता, आणि तें नीट व्हावें एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनीं आपलें मत खोटें आहे असें कोठें लिहून दिल्याचें मला आढळलें नाहीं. ते बोलले नाहींत, एवढेंच. जें आहे तें जपून ठेवून योग्य ऋतूची वाट पाहणें, हेंही विद्येचें एक कर्तव्य असूं शकतें, असें मला वाटतें. कोणास निराळें वाटल्यास मी वाद घालणार नाहीं.

मधल्या काळांत ते स्वस्थ मात्र बसले नाहींत. शुद्ध गणितांत आणि मोठ्या आंकडेमोडीच्या शास्त्रांत त्यांनीं इतकें काम केलें कीं १९४९ सालीं त्यांना स्टॅलिन पारितोषिक मिळालें. ज्या राज्यानें एक ग्रंथ दडपला त्याच राज्यानें दुसऱ्या कामासाठीं मान दिला. त्याच सुमारास लेनिनग्राडच्या आगगाडीचे डबे बांधणाऱ्या येगोरोव कारखान्यांत व्हिक्टर झाल्गालेर या तरुण गणित्याबरोबर त्यांनीं पत्रे कापण्याची आपली रीत चालवून दाखविली, व १९५१ सालीं दोघांनीं त्यावर पुस्तकही लिहिलें. तेथील एक गोष्ट सांगतात. कारखान्यानें ठराविक वजनाची भंगार सरकारजमा करावी असा योजनेंतच हुकूम होता. नव्या रीतीनें कापल्यामुळें भंगारच कमी पडूं लागली, आणि भंगाराचें प्रमाण पुरें न केल्याबद्दल कारखान्यास बोल लागला! आमच्याकडे शिक्षणखात्याचीं पत्रकें भरलेल्या माणसास ही गोष्ट खोटी वाटणार नाहीं.

इकडे दुसऱ्या गोलार्धांत काय चाललें होतें? ज्यॉलिंग कूपमन्स नांवाचे मूळचे डच अर्थशास्त्री युद्धकाळांत वॉशिंग्टन येथें जहाजांच्या वाहतुकीचा विचार करीत होते, आणि त्यांना तोच प्रश्न भेटला. १९४७ सालीं जॉर्ज डँट्झिग यांनीं अमेरिकेच्या विमानदळासाठीं काम करतांना असले प्रश्न सोडविण्याची एक सुटसुटीत रीत बसविली. या शास्त्रास लिनिअर प्रोग्रॅमिंग असें नांव पडलें, आणि नव्यानें निघालेल्या गणकयंत्रांच्या साह्यानें तें तेलशुद्धीच्या कारखान्यांपासून सर्वत्र पसरलें. आपल्या आधीं आठ वर्षें लेनिनग्राडांत कोणी हें करून ठेवलें आहे याची त्यांस वार्ताही नव्हती. १९५६ सालीं कूपमन्स यांनीं कांतोरोविच यांस पत्र धाडलें. आणि त्यांच्याच खटपटीनें १९३९ ची ती पुस्तिका १९६० सालीं इंग्रजींत अमेरिकेंतील एका नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. दुसऱ्याचें अग्रत्व स्वतः होऊन जगापुढें मांडणारे विद्वान् फार नसतात.

स्टॅलिन १९५३ सालीं वारला, आणि हवा हळूहळू पालटली. १९५८ सालीं कांतोरोविच यांना शास्त्र-अकादमीचें सभासदत्व मिळालें, तेंही अर्थशास्त्राच्या शाखेंत. १९५९ सालीं बासनांतील तो ग्रंथ अखेर छापून निघाला. सायबेरियांत नोवोसिबिर्स्क येथें उभ्या राहिलेल्या नव्या शास्त्रनगरींत त्यांनीं गणिती अर्थशास्त्राचा मोठा शिष्यवर्ग तयार केला. टीका थांबली नव्हती; पण आतां टीकेस उत्तर देतां येत होतें. गुणकांचें नांव बदलून त्यांनीं 'वस्तुनिष्ठ रीतीनें ठरलेलीं मोलें' असें जड नांव ठेवलें होतें. कदाचित् जड नांवामागें थोडा आडोसा मिळतो. १९६५ सालीं नेम्चिनोव आणि नोवोझिलोव या दोन अर्थशास्त्र्यांबरोबर त्यांना लेनिन पारितोषिक मिळालें. त्यांपैकीं नेम्चिनोव, ज्यांनीं या नव्या शास्त्रासाठीं सरकारदरबारीं सर्वांत अधिक झीज सोसली, ते आदल्या वर्षींच वारले होते.

आणि १९७५ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक कांतोरोविच व कूपमन्स यांना मिळून देण्यांत आलें. हा मान मिळविणारे सोव्हिएट राज्यांतील ते एकटेच अर्थशास्त्री. त्याच वर्षीं शांततेचें पारितोषिक मिळालेल्या आंद्रेइ साखारोव यांना सरकारनें ऑस्लोस जाऊं दिलें नाहीं. कांतोरोविच यांना मात्र स्टॉकहोमला जातां आलें. डँट्झिग यांचें नांव त्या पारितोषिकांत नव्हतें, याचें कूपमन्स यांना इतकें वाईट वाटलें कीं त्यांनीं आपल्या वांट्यांतून, तिघांत विभागणी झाली असती तर जेवढें कमी मिळालें असतें तेवढी रक्कम, डँट्झिग यांच्या सन्मानार्थ ऑस्ट्रियांतील एका आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेस देऊन टाकली. या शास्त्राचा विषयच मुळीं योग्य वांटणीचा. त्यांतील एकानें ती स्वतःच्या पैशांवर करून दाखविली.

हें गणित त्या राज्यास वेळींच वापरतां आलें असतें तर तें तरलें असतें काय? कित्येक लेखकांनीं असा तर्क केलेला आहे. मला तसें वाटत नाहीं. थोरल्या जाऊबाईंनीं तासाला ९० पोळ्या करीत असतां भीतीनें किंवा धोरणानें ६० सांगितल्या, तर सर्वोत्तम गणितही चुकीचेंच उत्तर देणार. आणि तेथील कारखान्यांचे अधिकारी, पुढच्या वर्षीं अधिक मागतील या धास्तीनें, आपलें खरें बळ नेहमीं लपवीत. मोलें तेवढींच खरीं, जेवढे आंकडे खरे. १९९१ सालीं तें राज्य मोडलें. लहान क्षेत्रांत मात्र हें गणित तेथेंही फळलें. टॅक्सीचें भाडें घ्या. नुसतें मैलांवर भाडें असलें कीं जवळचें गिऱ्हाईक कोणास नको असतें. बसतांच कांहीं ठराविक आकार, आणि मग पुढें कमी दर, अशी रचना कांतोरोविच यांनीं हिशेबानें सुचविली. ती अमलांत आली, आणि लोक जवळच्या अंतरालाही टॅक्सी करूं लागले.

त्यांच्या विचाराचे वारस आतां जगभर आहेत, आणि त्यांत एक नांव आपल्या घरचें आहे. डँट्झिग यांची रीत व्यवहारांत चपळ, पण कांहीं प्रश्नांत ती किती वेळ घेईल याची हमी देतां येत नसे. १९७९ सालीं खाचियान या सोव्हिएट गणित्यानें हमी असलेली रीत काढली, पण ती प्रत्यक्षांत मंद ठरली. हमीही आणि वेगही, असें दोन्ही साधण्याची रीत १९८४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत नरेंद्र करमरकर यांनीं दिली. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांत जन्मलेले आणि मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिकलेले हे करमरकर. डँट्झिग यांची रीत पैलूदार रत्नाच्या कडाकडांनीं चालते; करमरकरांची रीत त्याच्या पोटांतून वाट काढते, असें मला पुतण्यानें समजावून दिलें.

दुसरी शाखा तर त्याहून विलक्षण. मातीचा एक ढीग उचलून ठराविक आकाराचा दुसरा ढीग करावयाचा, तर एकंदर वाहतूक कमींत कमी कशी होईल, हा प्रश्न १७८१ सालीं फ्रान्सच्या मोंज यानें विचारला होता. कांतोरोविच यांनीं १९४२ सालीं, त्याच युद्धाच्या वर्षीं, चार पानांच्या आंतबाहेरच्या एका निबंधांत त्यावर आपलीं मोलें लावून दाखविलीं. त्या छोट्या निबंधांतून आज गणिताची एक भली मोठी शाखा झाली आहे. २०१८ सालीं अलेस्सिओ फिगाल्ली यांना गणितांतील फील्ड्स पदक मिळालें तें त्याच शाखेंतील कामाबद्दल. गणकयंत्रांस चित्रें ओळखावयास शिकविणारे लोकही दोन चित्रांतील अंतर मोजण्यास कांतोरोविच यांचें हेंच माप वापरतात.

कांतोरोविच ७ एप्रिल १९८६ रोजीं मॉस्कोंत वारले. त्यांनीं आपल्या संशोधनाची कहाणी स्वतः सांगितलेली आहे. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ सालीं, प्रसिद्ध झाली.

हा लेख लिहूं लागलों तेव्हां माळ्यावरील पेटींतून माझें तें जुनें वेळापत्रक काढलें. आंखलेल्या मोठ्या कागदावर शिसपेन्सिलीनें केलेलें, कडा कुरतडलेल्या. पुतण्या रविवारीं आला होता. कोण शिक्षक कोणता विषय कसा शिकवीत असे याला मीं आठवून गुण दिले, आणि त्यानें तें सर्व आपल्या यंत्रांत घातलें. चहा निवण्याच्या आंत उत्तर आलें. नेमणुका आठ ठिकाणीं बदलल्या होत्या. त्यांतील सात माझ्या स्वप्नांतही नव्हत्या. आठवी कोणती, हें मात्र मीं कागदाकडे न पाहतां त्याला सांगितलें.